सांताक्लॉज, लाल अळंबी आणि बादरायण संबंध

डिसेंबर लागला की मोठ्या दुकानांच्या दारात कापसाची दाढी लावलेला, लाल अंगरख्यातला सांताक्लॉज उभा राहतो. नाताळच्या सुट्टीआधी अनेक शाळांतही छोटासा कार्यक्रम होतो. अशाच एका कार्यक्रमानंतर नववीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, "बाई, सांताक्लॉज म्हणजे खरं तर सैबेरियातला मांत्रिक होता ना? तो नशेची लाल अळंबी खायचा, म्हणून त्याचे कपडे लाल-पांढरे!" मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. वर्गात हशा पिकला. "असं काही नसतं," असे म्हणून बाईंनी विषय संपवला. त्या आमच्या परिचयाच्या. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पण ते नसतं हे मला तरी कुठे माहीत होतं? मीही ठोकूनच दिलं."

बाईंचा हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. एखादी उपपत्ती विचित्र वाटते म्हणून ती खोटी ठरत नाही. खंड सरकतात हे म्हणणेही एके काळी विचित्रच वाटले होते. तेव्हा ही अळंबीची उपपत्ती आपण जरा नीट तपासून पाहू.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. सैबेरियातील काही जमातींमध्ये शामान, म्हणजे देवऋषी किंवा भगत म्हणता येईल अशी व्यक्ती, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली एक अळंबी खाऊन आत्म्यांच्या जगात 'उड्डाण' करी. ही अळंबी पाइन आणि भूर्ज यांच्या झाडाखाली उगवते. म्हणून नाताळच्या झाडाखाली भेटवस्तू. ती वाळवण्यासाठी फांद्यांना अडकवत किंवा मोज्यात घालून शेकोटीवर टांगत. म्हणून झाडावरची सजावट आणि टांगलेले मोजे. हिवाळ्यात बर्फाने दार बुजले की शामान छपराच्या धुराड्यातून आत उतरे आणि पोतडीतली अळंबी वाटे. म्हणून सांताही धुराड्यातून येतो. रेनडिअरनाही ही अळंबी आवडते. ती खाऊन ते धुंद होतात, म्हणून सांताचे रेनडिअर उडतात. आणि कपड्यांचा रंग तर उघडच अळंबीचा!

एकाच किल्लीने इतकी कुलपे उघडलेली पाहून कोणालाही गंमत वाटेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत मादक वनस्पतींवर लिहिणाऱ्यांनी ही कल्पना मांडली, १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये रोगन टेलर यांनी तिला प्रसिद्धी दिली, आणि तेव्हापासून डिसेंबरात ती वर्तमानपत्रांतून आणि आता मोबाइलवरून फिरत असते.

आधी त्या अळंबीची ओळख करून घेऊ, कारण या प्रकरणातली सर्वांत भक्कम आणि आमच्या मते सर्वांत रंजक बाजू तीच आहे. तिचे शास्त्रीय नाव अमानिता मस्कारिया. लॅटिनमध्ये 'मस्का' म्हणजे माशी. युरोपात या अळंबीचे तुकडे दुधात टाकून ठेवत; त्यावर बसलेल्या माश्या गुंगून पडत. पावसाळ्यात आपल्याकडे ज्यांना आपण कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो, त्यांचीच ही देखणी परदेशी बहीण. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात बुटक्यांचे घर म्हणून जी छत्री रंगवतात ती हीच. कोवळी असताना ती पांढऱ्या पातळ आवरणात पूर्ण गुंडाळलेली असते. टोपी फुगू लागली की आवरण फाटते आणि त्याचे तुकडे लाल पृष्ठभागावर चिकटून राहतात. ते पांढरे ठिपके म्हणजे हे तुकडे. जोराच्या पावसात ते धुऊनही जातात.

ती झाडाखालीच उगवते हे खरे आहे. जमिनीखाली या बुरशीचे तंतू भूर्ज, पाइन, स्प्रूस अशा झाडांच्या मुळांची टोके वेढून राहतात. बुरशी झाडाला पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन मिळवून देते. झाड बुरशीला साखर पुरवते. हे सहजीवन तुटले तर ही अळंबी उगवत नाही, म्हणूनच तिची शेती करता येत नाही. भारतात नीलगिरीच्या परिसरात, बाहेरून आणून लावलेल्या पाइन वृक्षांबरोबर ती आढळते. मात्र ती उगवते उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात. डिसेंबरात सैबेरियातली जमीन दगडासारखी गोठलेली असते. नाताळच्या सुमारास झाडाखाली लाल अळंबी सापडण्याचा प्रश्नच येत नाही. घरात असलीच तर ती वाळवलेली. आणि वाळल्यावर तिचा लाल रंग उतरून ती तांबूस-पिवळी, तपकिरी होते.

वाळवण्याचे कारण मात्र खास आहे. ताज्या अळंबीत आयबोटेनिक आम्ल असते. वाळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मस्सिमॉल हे द्रव्य बनते. ते मेंदूतल्या गॅबा या संदेशवाहक रेणूशी इतके मिळतेजुळते आहे की मेंदूतील पेशी फसतात. गॅबाचे काम चेतापेशींना शांत करण्याचे. मस्सिमॉलने झोप येते, तोल जातो, स्वप्ने पडतात, कधी लहान वस्तू प्रचंड मोठ्या भासतात, आणि मळमळ, उलट्या, गोंधळ हेही होते. (विद्यार्थ्यांना हे सांगताना रानातली कोणतीही अळंबी चाखून पाहायची नाही हे स्पष्ट बजावावे. याच अमानिता कुळातील एक साधीसुधी दिसणारी फिकट हिरवट अळंबी यकृत निकामी करून जीव घेते.) मस्सिमॉलचा बराचसा भाग शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो.

या शेवटच्या गोष्टीमुळे सैबेरियाच्या जुन्या नोंदी समजतात. १७०९ साली पोल्टावाच्या लढाईत रशियनांनी पकडलेला फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबेर्ग हा स्वीडिश अधिकारी अनेक वर्षे सैबेरियात कैदेत होता. १७३० साली त्याने पुस्तक प्रसिद्ध केले. कामचाटकाजवळच्या कोर्याक लोकांतील श्रीमंत माणसे ही अळंबी साठवून ठेवतात, मेजवानीत खातात, आणि ज्यांना ती परवडत नाही ते बाहेर थांबून त्यांची लघवी भांड्यात धरून पितात, असे त्यात लिहिले आहे. वाचून किळस येते, पण रसायनशास्त्र त्याला दुजोरा देते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाल्डेमार जोखेल्सन यांनी कोर्याकांमध्ये राहून जी कथा टिपली ती तर सुंदर आहे. कोर्याकांचा आदिपुरुष म्हणजे थोरला डोमकावळा. त्याला देवमाशाचे जड ओझे उचलवेना. तेव्हा देवाने जमिनीवर थुंकी टाकली. तिच्यातून अळंबी उगवली. ती खाऊन कावळ्याला बळ आले.

म्हणजे सैबेरियात अळंबी होती, धुंदी होती, रेनडिअरही होते. धुंद झालेल्या रेनडिअरला शुद्धीवर येईपर्यंत बांधून ठेवत, असे अठराव्या शतकातील प्रवासी लिहितात. इथपर्यंत उपपत्तीचे पाय जमिनीवर आहेत.

पण या नोंदी शेवटपर्यंत वाचल्या की चित्र बदलते. मेजवानीत अळंबी खाणारे लोक प्रामुख्याने सामान्य गृहस्थ होते. शामानाचे मुख्य साधन होते ढोल आणि गाणे. आता धुराड्याचे पाहा. कोर्याकांमध्ये दोन गट होते. समुद्रकाठी राहणारे कोर्याक अर्धवट जमिनीत खोदलेल्या घरांत राहत. हिवाळ्यात त्यांच्या घरात छपरावरच्या भोकातून, खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून उतरावे लागे हे खरे. पण तो घरातल्या सगळ्यांचाच रोजचा रस्ता होता. शामानाचा खास मार्ग नव्हे. शिवाय या लोकांची गाडी ओढत ती कुत्री. रेनडिअर पाळणारा दुसरा गट आतल्या प्रदेशात कातड्याच्या तंबूत राहत असे, आणि तंबूला साधे दार असे. उपपत्तीने एका गटाचे छप्पर घेतले, दुसऱ्याचे रेनडिअर घेतले आणि दोन्ही एकाच माणसाच्या नावावर मांडले.

कपड्यांचे तेच. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी सैबेरियातील शामानांवरच्या साहित्याचा कसून अभ्यास केला आहे. ते सांगतात की शामान घसरगाडीतून फिरत नसत, रेनडिअरच्या आत्म्यांशी त्यांचा सहसा संबंध नसे, समाधी लावण्यासाठी ही अळंबी ते क्वचितच वापरत, आणि त्यांचा पोशाख लाल-पांढरा नसे. तो असे कातड्याचा, अनेक ठिकाणी लोखंडी लोंबणारे तुकडे लावलेला.

हे लक्षात आले की काही लेखक कामचाटका सोडून युरोपच्या उत्तर टोकाकडे, सामी लोकांच्या प्रदेशाकडे वळतात. सांताचे घर लॅपलँडमध्ये आहे अशी समजूत असल्याने ते सोयीचे पडते. पण सामींच्या अळंबी खाण्याविषयीचा पुरावा फार तुटपुंजा आहे, आणि कामचाटका तिथून पाच हजार किलोमीटरहून दूर आहे. इथली अळंबी, तिथली गाडी.

समजा, हेही सोडून दिले. तरी एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. सैबेरियातली प्रथा नाताळात आली कधी आणि कोणाबरोबर? याचे उत्तर शोधायचे तर सांताचाच माग उलटा काढत गेले पाहिजे. सुदैवाने त्याची कागदपत्रे भरपूर आहेत.

आजचा सांता बराचसा न्यूयॉर्कचा रहिवासी आहे. त्याचा पूर्वज संत निकोलस हा चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातील मायरा या गावचा बिशप. त्याच्या अस्थी १०८७ साली इटलीतील बारी येथे नेल्या गेल्या आणि युरोपभर त्याची भक्ती वाढली. सहा डिसेंबर हा त्याचा दिवस. गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, ही त्याची प्रसिद्ध कथा. नेदरलँड्समध्ये मुले त्याच्यासाठी चुलीपाशी बूट ठेवत. यान स्टेन या डच चित्रकाराचे १६६५ ते १६६८ च्या दरम्यानचे संत निकोलसच्या सणाचे चित्र अॅमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये आहे. त्यात एकाला बुटात भेट मिळालेली नाही म्हणून तो रडतो आहे, आणि एक मोठा मुलगा कडेवरच्या लहानग्याला धुराड्याकडे बोट करून दाखवतो आहे. म्हणजे कोर्याकांच्या अळंबीविषयीचे स्ट्रालेनबेर्गचे पुस्तक छापले जाण्याच्या साठ वर्षे आधीच डच घरांत संत धुराड्यातून येत होता. त्यासाठी सैबेरियाची गरज नव्हती. थंड देशातल्या घराची दारे-खिडक्या रात्री बंद असतात; उघडे असते ते धुराडेच.

न्यूयॉर्क मूळचे डच वसाहतीचे गाव. तिथे १८०९ साली वॉशिंग्टन आयर्विंग यांनी शहराच्या डच इतिहासाची थट्टा करणारे पुस्तक लिहिले, त्यात संत निकोलस वारंवार येतो. पुढल्याच वर्षी जॉन पिंटार्ड यांनी तिथल्या इतिहास मंडळासाठी संताचे चित्र छापून वाटले. १८२१ साली मुलांसाठी निघालेल्या एका लहानशा सचित्र पुस्तकात सांताच्या गाडीला प्रथमच रेनडिअर जोडलेला दिसतो, आणि तोही एकच. १८२३ च्या डिसेंबरात ट्रॉय या गावच्या वृत्तपत्रात एक निनावी कविता आली. ती पुढे क्लेमंट मूर यांच्या नावावर गेली. तिने रेनडिअरची संख्या आठ केली आणि ते छपरावर उडत आणले. पण या कवितेतला सांता बुटका आहे, त्याची गाडी आणि रेनडिअरही चिमुकले आहेत, आणि अंगावर नखशिखांत केसाळ कातडी आहे, काजळीने माखलेली. लाल-पांढऱ्या पोशाखाचा पत्ताच नाही.

तो पोशाख हळूहळू घडत गेला. व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी १८६३ पासून 'हार्पर्स वीकली'त सांताची चित्रे काढली. पहिल्या चित्रात तो यादवी युद्धाच्या छावणीत, अमेरिकेच्या झेंड्याचे तारे आणि पट्टे अंगावर घेऊन बसला आहे! नास्ट जन्माने जर्मन. ते ज्या भागातले, तिथे केसाळ कातडी पांघरलेला 'पेल्त्सनिकेल' नावाचा निकोलसचा सोबती मुलांना भेटायला येई. एकोणिसाव्या शतकाच्या भेटकार्डांवर सांता हिरवा, निळा, तपकिरी अशा अनेक रंगांत दिसतो. शेवटी लाल रंग जिंकला. त्याचे श्रेय पुष्कळदा कोका-कोला कंपनीला दिले जाते, तीही एक दंतकथाच. हॅडन संडब्लॉम यांनी कंपनीसाठी १९३१ पासून काढलेल्या चित्रांनी आजचा सांता घराघरात पोचवला हे खरे, पण त्याच्या कितीतरी आधी अमेरिकन मासिकांच्या मुखपृष्ठांवर तो लाल कपड्यांत झळकत होता. लाल नाकाच्या रुडॉल्फलाही काही जण अळंबीशी जोडतात. रुडॉल्फचा जन्म १९३९ चा. एका अमेरिकन दुकानाने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी रॉबर्ट मे या आपल्या जाहिरात-लेखकाकडून ती गोष्ट लिहून घेतली.

एकूण काय, पाच हजार वर्षांच्या परंपरेचे म्हणून दाखवलेले दुवे तारखा लावून पाहिले की १८२१, १८२३, १८६३, १९३९ असे येतात. उपपत्ती खरी असती तर जितके मागे जावे तितका सांता शामानासारखा दिसायला हवा होता. प्रत्यक्षात मागे जाता जाता तो बिशपसारखा दिसू लागतो.

एक गोष्ट मात्र या उपपत्तीच्या बाजूची म्हणून सांगितली पाहिजे. जर्मनीत नाताळच्या झाडावर लाल अळंबीच्या आकाराचे काचेचे दागिने खरोखरच लावतात, आणि नववर्षाच्या जुन्या भेटकार्डांवर ही अळंबी सर्रास दिसते. पण तिच्या जोडीला त्याच कार्डांवर डुक्कर, चार पानांचे तिपानी गवत, घोड्याची नाल आणि धुराडी साफ करणारा पोऱ्या हेही असतात. ही सगळी तिथली शुभचिन्हे. नशीबवान माणसाला जर्मनमध्ये 'नशिबाची अळंबी' या अर्थाचा शब्द आहे.

या अळंबीचा आपल्याकडेही एक धागा आहे. गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कमधील मोठ्या बँकेतले अधिकारी. अळंबी हा त्यांचा आणि त्यांच्या रशियन डॉक्टर पत्नीचा ध्यास. सैबेरियातील जुन्या नोंदी त्यांनीच चिकाटीने गोळा केल्या. १९६८ साली त्यांनी ग्रंथ लिहून असे मांडले की ऋग्वेदातला सोम म्हणजे हीच अमानिता मस्कारिया. ऋग्वेदात सोमाच्या मुळांचा, पानांचा, फुलांचा उल्लेख नाही, तो पर्वतात मिळतो, त्याचा वर्ण तेजस्वी आहे, असे त्यांचे मुद्दे होते. ग्रंथ हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. केंब्रिजचे संस्कृत पंडित जॉन ब्रफ यांनी १९७१ साली तो ऋचा-ऋचा घेऊन तपासला आणि अमान्य केला. सोमाच्या अंशूंचा, म्हणजे काड्यांचा वा तंतूंचा उल्लेख येतो. पुढे १९८९ साली हॅरी फाल्क यांनी दाखवले की सोम पिणारा जागा राहतो, उत्साहित होतो. मस्सिमॉलने तर झोप येते. फाल्क यांचा कल एफेड्रा या वनस्पतीकडे आहे, आणि पारशी लोक त्यांच्या यस्न विधीत 'होम' म्हणून एफेड्राच्याच काड्या वापरतात. सोमाचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण तो वाद झाला तो मूळ संहिता समोर ठेवून, चुकू शकेल असे विधान करून. सांताच्या उपपत्तीला असा समाचार घेण्याजोगा मूळ मजकूरच नाही.

लोकांचे सण म्हणजे प्राचीन धर्माचे जीवाश्म, हा विचार एकोणिसाव्या शतकातला. एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये त्याला 'अवशेष' असे नाव दिले आणि जेम्स फ्रेझर यांनी १८९० पासून त्यावर ग्रंथच्या ग्रंथ रचले. विचार सर्वस्वी चूक नाही, अवशेष असतातही. पण साम्य दिसले की संबंध आहेच असे धरले की त्याचा बादरायण संबंध होतो. आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आणि तुमच्या दारात बोरीचे झाड, एवढ्यावर पाहुणा म्हणून उतरलेल्या त्या गृहस्थाची गोष्ट शिक्षकांना ठाऊक आहेच. उलट गोव्यातल्या नाताळातील नेवऱ्या आणि आपल्या दिवाळीतल्या करंज्या यांचे साम्य घ्या. तिथे संबंध दाखवता येतो: गाव एक, भाषा एक, धर्मांतर झालेली घरे आणि न झालेली घरे शेजारी-शेजारी.

आमच्या शिक्षिकाबाईंना हे सारे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पण मग दिवाळीत वर्गात वाचून दाखवतात ती 'सणांमागची शास्त्रीय कारणे' पण अशीच तपासायला लागतील." लागतील. घरच्या सणाविषयी असले दावे आले की आपण माना डोलावतो, आणि दुसऱ्याच्या सणाविषयी आले की हसतो किंवा टाळ्या वाजवतो. वर्गात सांताच्या अळंबीपासून सुरुवात करण्याची सोय अशी की तिथे कोणाच्या घरचे दुखावत नाही, आणि प्रश्न विचारण्याची सवय मात्र लागते: ही पहिली नोंद कोणत्या साली, कोणी केली, आणि मधली वर्षे कुठे गेली?

सुरुवातीला आणखी एक सोपा प्रश्न देता येईल. सांताच्या चित्रात रेनडिअरना शिंगे असतात. हरणांच्या इतर जातींत शिंगे फक्त नरांना; रेनडिअरमध्ये ती माद्यांनाही असतात. वयात आलेल्या नरांची शिंगे हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गळतात, माद्यांची वसंतात पिले होईपर्यंत टिकतात. मग २४ डिसेंबरच्या रात्री गाडी कोण ओढत असेल? मुले एकमुखाने "माद्या!" म्हणतील. त्यांना जरा थांबवावे. गाडीला जुंपण्यासाठी रेनडिअरपालक बहुधा खच्ची केलेले नर वापरतात, आणि त्यांची शिंगे उशिरापर्यंत राहतात.